लाईट गेलेल्या घराचा पत्ता

देवगाव रंगारीत कुणाचं इंटरनेट अडकलं की पहिली शिवी बद्रीनाथमामांना बसते. ते तसे कुणाचेच मामा नाहीत, पण शिवी द्यायला नातं लागतं.

गावातल्या घराघरात राऊटर मामांनीच बसवलेत. प्रत्येकाला आकड्यांचा एक पत्ता द्यावा लागतो. एकच पत्ता दोघांना गेला, की दोघंही अडखळतात. मी शहरात, क्रांती चौकातल्या माझ्या दुकानातून त्यांना राऊटर पुरवतो. कितीदा म्हटलं, "मामा, पत्ते मेन मशीनला वाटू द्या. ते एक पत्ता दोघांना देत नाय."

"मशीनला काय कळतं कोण कुठं ऱ्हातं?"

मामांचे वडील शेळ्या नावानं ओळखायचे, हे घरं आकड्यानं. त्याची लई मिजास! नवा पत्ता द्यायच्या आधी लॅपटॉपवरून त्याला हाक मारायची आणि तोंडानंही ओरडायचं, "कोणी हाय का?" उत्तर नाही आलं, तर पत्ता रिकामा.

एका मंगळवारी वरच्या गल्लीची लाईट गेली होती. खालच्या गल्लीत मुबारकभाईंच्या शिलाईच्या दुकानात मामांनी हाक मारली. उत्तर नाही. तोच पत्ता देऊन निवांत चहा घेतला.

पत्ता मामांच्याच, वरच्या गल्लीतल्या घराचा होता. पोरीच्या, योगिनीच्या, ऑनलाईन मुलाखतीसाठी आदल्या दिवशीच त्यांनी घरी नवा राऊटर बसवला होता. घराचा जुना आकडा पाठ होता, नवा अजून डोक्यात बसला नव्हता. आणि लाईटच नाही, तर राऊटर ओ देणार कसा?

लाईट आली. योगिनी पुण्याच्या कंपनीसमोर बसली. इकडं मुबारकभाई म्हणाले, "मामू, नेट आता-जाता कर रा."

"नवं हाय, लाजतंय," मामा हसले.

तेवढ्यात घरून फोन. "आप्पा, माझं बोलणं तिकडं जाईना!"

"राऊटर बंद करून चालू कर," मामा म्हणाले. सगळ्या गावाला हेच सांगतात. मग फोन ठेवता ठेवता त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मुबारकभाईंची वायर उपटली, पण तोवर पुण्याचे लोक उठून गेले होते. योगिनीनं पुन्हा वेळ मागितली. मिळाली नाही.

आता पत्ते मशीन वाटतं. योगिनी जवळच, कन्नड गावात एका क्लासमध्ये शिकवते. त्या दिवसावरून बापाला चकार शब्द बोलली नाही.

परवा राऊटर न्यायला आले, तेव्हा मी मामांना चिडवायला गेलो. ते हसले नाहीत.

"सारं गाव शिव्या देतंय रे," म्हणाले, "तिनं एक दिली असती, तर बरं झालं असतं."