काम आणि नोकरी

माझ्या नोकरीमुळे देवबागच्या आमच्या घरात पाळणा हलत नाही, असा शोध सासूबाईंनी लावला होता. नवरा बोटीवर. वर्षाचे बहुतेक महिने तो भलत्याच समुद्रात, आणि दोष मात्र मालवणच्या बँकेत बसणाऱ्या माझा! डोक्यात तिडीक जायची माझ्या.

दीर मोबाइल नाचवत आईची री ओढायचा. “बघ गो वैनी, कोरियात बायका कामाक लागल्यो नि पोरा होवची बंद झाली.”

“कोरिया खंय इलो, तुका ठावक आसा?” मी विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं.

युरोपातल्या बंदरांत क्रेन चालवणाऱ्या बायकांनाही पोरं असतात. तिथे पाळणाघरं आहेत आणि बाप संध्याकाळी घरी असतो, हे नवराच मला फोनवर रंगवून सांगे. तेच आईला सांग म्हटलं की त्याची रेंज जाई.

सासूबाईंनी स्वतः डोक्यावर मासळीची टोपली घेऊन बाजार केला होता, पोरं सांभाळून. मी ते काढलं तर म्हणाल्या, “ता काम गो. ही नोकरी.” म्हणजे मान मोडली तर काम, डोक्यावर पंखा असला तर नोकरी.

नवरा सुट्टीवर आला तेव्हा सासूबाईंनी माझ्या राजीनाम्याचाच हट्ट धरला आणि आम्हाला देवळात उभं केलं. गावकरी, म्हणजे देवळाचा मानकरी, देवासमोर मोठ्याने गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्याने सुरुवात केली, “बा देवा म्हाराजा, ह्या सुनेक नोकरी सोडूची बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं देऊळ म्हणालं. नवरा माझ्या शेजारी, मान खाली घालून.

गावकऱ्याने श्वास घेतला तेवढ्यात मी त्याच्याच चालीत ओरडले, “नि माझ्या घोवाक बोट सोडूची बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

जिभेला वळण पडलेलं. सासूबाईंचेही हात जोडलेलेच होते. सगळ्यांत खणखणीत आवाज नवऱ्याचा. आपण काय कबूल केलं ते कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. मला जराही दया आली नाही.

सुट्टी संपताच देवासमोर दिलेला शब्द मोडून तो बोटीवर गेला. मी बँकेत गेले. राजीनाम्याचं नाव काढायची त्या घरात कुणाचीच छाती झाली नाही.