कापडी भिंतीमागचा आवाज

ॲमस्टरडॅममधल्या एका नाट्यगृहाने सिल्व्हानोंना दोनदा फसवलं. पहिल्यांदा ते तिशीत होते, दुसऱ्यांदा ऐंशीच्या पुढे. दुसऱ्या वेळचा सौदा मी ठरवला होता, म्हणजे त्या नाट्यगृहाने मलाही फसवलं.

ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमनला माझं किराणा दुकान आहे; रिकाम्या हातांनी येऊन, भांडून भांडून उभं केलेलं. एके सकाळी भाजीच्या ठोक व्यापाऱ्याला फोनवर झापत होतो. आलं नाकाशी धरून निवडणारा एक उंच म्हातारा मध्येच म्हणाला, "फार वरच्या पट्टीत भांडतोस. गळा बसेल. खाली उतर, पोटातून बोल." मी उतरलो. व्यापारी नमला. आमची दोस्ती तिथली.

सिल्व्हानो टेनर, म्हणजे ऑपेरात नायकाच्या उंच आवाजात गाणारे. इटलीहून त्या नाट्यगृहात एका हंगामासाठी आले होते. एका प्रयोगात नामांकित गायकाचा आवाज मध्येच गेला. उरलेले अंक यांनी रंगवलेल्या कापडी भिंतीमागे उभं राहून गायले; भिंतीपुढे तो गायक नुसते ओठ हलवत होता. शेवटी व्यवस्थापक पडद्यापुढे येऊन यांचं नाव जाहीर करणार होता. तो आलाच नाही. पुढचं सगळं आयुष्य कोरसमध्ये गेलं. "भिंत कापडाची होती रे," ते म्हणत, "टाळ्या स्वच्छ ऐकू आल्या. माझ्या नव्हत्या, एवढंच."

करोनात नाट्यगृहं बंद झाली आणि त्याच नाट्यगृहाच्या आताच्या संचालक बाईंचा त्यांना फोन आला. जुन्या गायकांनी घरूनच गायचं, त्याची फिल्म करणार. सिल्व्हानो लगेच हो म्हणायला निघाले. मी फोन काढून घेतला.

"मानधन नको. गाण्याआधी यांचं नाव घ्यायचं, आणि त्या प्रयोगात भिंतीमागे हेच गायले होते, तेही सांगायचं. कबूल?"

"नक्की," बाई म्हणाल्या.

"एका नावासाठी केवढी घासाघीस!" सिल्व्हानो हसले.

"तुम्ही आल्यासाठी करता त्यापेक्षा कमीच."

काळा कोट घालून ते बाल्कनीत उभे राहिले. मी खाली अंगणातून चित्रण केलं. वरच्या सुराला आवाज फाटला. त्यांनी हात वर केला, थांबले, श्वास घेतला आणि तो सूर पुन्हा लावला. शेजारीपाजारी बाल्कन्यांत आले. न राहवून मी ओरडलो, "वन्स मोअर!"

"हे काय?" त्यांनी वरून विचारलं.

"आमच्याकडे संगीत नाटकात आवडलेलं पद असं पुन्हा गायला लावतात."

"भिंतीमागच्यालाही?"

मी पुन्हा चित्रण सुरू केलं. ते पुन्हा गायले.

फिल्म आली. ती त्यांनी दारात खुर्ची टाकून पाहिली. मी कॉरिडॉरमध्ये लांब उभा होतो. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांचाच. चित्रात नाट्यगृहातल्या रिकाम्या लाल खुर्च्या. ना चेहरा, ना नाव. बाईंना झापायला मी खिशातून फोन काढला.

"आधी श्वास घे," ते म्हणाले. मग फिल्म परत पहिल्यापासून लावली. आपण कुठेतरी असू, नजर चुकली असेल, असं वाटलं असावं त्यांना.

त्या हिवाळ्यात त्यांना करोनाने नेलं. निरोपाला आम्ही मोजकी माणसं, लांब लांब बसलेली. गायला मनाई होती.

नाट्यगृह आता पुन्हा उघडलंय. टाळ्याही वाजत असतील. बाई, मी श्वास घेतलाय. ओरडत नाही, अगदी खालच्या पट्टीत विचारतो: त्यांचं नाव घ्यायचं तुम्ही कबूल केलं होतंत. का घेतलं नाहीत?