पाण्याची घंटा

आमच्या गॅलरीसमोरच शाळेचा चौथीचा वर्ग आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, तरी दहाच्या सुमारास छताचे पत्रे तापतात आणि पाण्याची घंटा होते. त्या घंटेला धडा अर्ध्या वाक्यातसुद्धा थांबतो. बाई बाकांमधून फिरत बाटल्या बघतात. "अजून अर्धी आहे, संपव," एवढंच म्हणतात.

काल त्या पुन्हा पुस्तक उघडणार, तेवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही कुठे प्यालात?"

"नंतर पिते गं."

"तुम्ही रोज नंतरच म्हणता."

पाणी उताराकडे वाहतं, तशी काळजीही मोठ्यांकडून लहानांकडेच येते, असं मी आजवर धरून चालले होते. इथे ती आपली सावकाश चढण चढत होती. सगळा वर्ग बाईंकडे बघत राहिला. बाईंनी पिशवीतून बाटली काढली, दोन घोट घेतले आणि झाकण लावायला लागल्या.

"अजून अर्धी आहे," मुलगी अगदी बाईंच्याच आवाजात म्हणाली.

बाईंनी निमूटपणे झाकण पुन्हा काढलं.