साळवेसरांच्या ऑर्गनमागे लागलेली माणसं

तुम्ही तो ऑर्गन मोडीत घातलात. तुमचं नाव मला माहीत नाही, तुम्ही आज कुठे असता तेही माहीत नाही. पण कधीतरी कुठल्या तरी बंद हॉलची चावी तुमच्याकडे होती, आणि आतल्या ऑर्गनच्या नळ्या उपटून तुम्ही भंगारवाल्याला दिल्यात. त्यातली एक मला हायवेवरच्या ढाब्याच्या दारात सापडली. कमरेएवढी उंच. तिच्यात प्लास्टिकची सूर्यफुलं खोचली होती. फुलं काढून मी तिच्या बुडाशी तोंड लावलं आणि फुंकलं. आधी धूळ आली, मग एक झुरळ आलं, आणि मग सूर आला. असा सूर, की ट्रक ड्रायव्हर चहा सोडून बघायला लागले!

त्या दिवसापासून आमचा उद्योग सुरू झाला. जुने ऑर्गन शोधायचे. इलेक्ट्रॉनिक मिळाला तर विकत घ्यायचा आणि दुरुस्त करायचा. पाइप ऑर्गन म्हणजे भिंतीएवढा प्रकार, तो घरी आणता येत नाही. मग त्याच्या प्रत्येक नळीचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि कॉम्प्युटरवर तो ऑर्गन पुन्हा उभा करायचा. असल्या कामात ऑर्गन कमी आणि किस्से जास्त जमतात. किश्श्यांना ठेवायला जागा लागत नाही, एवढाच फायदा.

आम्ही तिघं. मी मधुरा, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी असलेली आणि घरच्यांच्या मते ती वाया घालवणारी. ओंकार पंचवटीतला, वडील पौरोहित्य करतात, हा सॉफ्टवेअर कंपनीत. आणि भूषण लासलगावचा, कांद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याच्याकडे कान नाही, हे तो स्वतःच सांगतो. पण पिकअप आहे!

आणि चौथे साळवेसर. देवळालीकडच्या एका जुन्या चर्चमध्ये पाइप ऑर्गन आहे, तो ते तरुणपणापासून वाजवतात. चर्च कमिटीने ठरवलं होतं की नवीन फरशी बसवायची, स्क्रीन लावायचा आणि ऑर्गन काढून टाकायचा. सरांना तो वाचवायचा होता. आम्हालाही. "वाचला तर उत्तम," सर म्हणाले, "नाही वाचला तर निदान त्याचा आवाज तरी तुमच्याकडे राहू दे."

मी म्हणाले, "सर, दोन्ही राहतील."

सर म्हणाले, "तुझं वय काय गं?"

* * *

वाचवलेला आवाज वाजवायला काहीतरी हवं. नांदगावला एका मंडपवाल्याकडे जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आहे असं कळलं. पूर्वी त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. गेलो. दोन मजली कीबोर्ड, खाली पायाने दाबायच्या पट्ट्या, वर झालरींचे गठ्ठे. मी तर बघूनच वेडी झाले.

"वाजतो का, शेठ?"

"वाजतो का म्हणजे? लय वाजतो!"

"मग विकता कशाला?"

"बंद होत नाय ना!"

त्यांनी प्लग खोचला. कोणी हात न लावता आतून ढिचॅक-ढिचॅक ताल सुरू झाला आणि त्याच्या खाली एक जाड सूर, अखंड. ओंकारने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. "ते शोभेला हे," शेठ ओरडून म्हणाले. त्या आवाजात आम्ही भाव करायचा प्रयत्न केला. मी एक आकडा सांगितला, शेठनी कानाला हात लावला. ऐकू आलं नाही म्हणून की परवडत नाही म्हणून, ते कळेना.

तेवढ्यात आतून त्यांच्या सौ. बाहेर आल्या, प्लग उपटला आणि म्हणाल्या, "पोरी, तू म्हणशील तेवढे. पण आज ने!"

* * *

चर्चच्या ऑर्गनची मोटर सरांच्याही आधी कधीतरी जळली आहे. मागे भाता आहे, लोहाराकडे असतो तसा पण चांगला पलंगाएवढा. त्याचा दांडा हाताने वर-खाली करायचा, हवा भरते आणि नळ्या वाजतात. कमिटीला ही अडगळ वाटायची. आम्हाला लॉटरी वाटली! कारण दुरुस्तीसाठी शनिवारी त्या भागातली वीज जायची. पंखे बंद, पंप बंद, शेजारची पिठाची गिरणी बंद. अख्खं देवळाली चिडीचूप, आणि आमचा ऑर्गन मात्र चालू.

भूषण भाता मारायचा, सर एकेक पट्टी दाबून धरायचे, ओंकार माइक सांभाळायचा. मी बाहेर उभी राहून जगाला गप्प करायचे. कुत्री, भंगारवाला, भोंगा लावलेला भाजीवाला, सगळे माझ्याकडे. एकच शत्रू उरला, कुकर. शेजारच्या बंगल्यातला. ऐन लांबलचक सुरात शिट्टी!

मी गेले. "काकू, प्लीज, अकरा ते बारा कुकर लावू नका ना. आवाज रेकॉर्ड करतोय."

"मग पोरं जेवतील काय? तुमचा आवाज?"

मी त्यांना चर्चमध्ये घेऊन आले, सरांच्या शेजारी बसवलं. सरांनी सगळ्यात खालचा सूर दाबला. बाक थरथरला. काकूंनी छातीवर हात ठेवला. मग उठून निघून गेल्या. पुढच्या शनिवारी शिट्टी वाजली नाही. बारा वाजता काकूच दारात हजर. "तुमच्यासाठीही खिचडी टाकलीय. झालं की हाक मारा, मग शिट्टी करते!"

* * *

एका नळीला मोठा पोचा होता, ती फुसफुसायची. आपल्याकडे भांड्याला पोचा आला की माणूस कुठे जातो? भांडी बाजारात. भूषण नळी घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, "काढून देतो. कुणाच्या नावाने ठेवू?" भूषण म्हणाला, "साळवेसर."

दोन दिवसांनी नळी आली. पोचा सुरेख निघाला होता. आणि मधोमध, वळणदार अक्षरात कोरलं होतं, 'श्री. साळवेसर यांजकडून सप्रेम भेट'.

नाशिकच्या भांड्याच्या दुकानातून वस्तू नावाशिवाय बाहेर कशी पडेल? मी भूषणला नको नको ते बोलले. "अरे, हा काय तांब्या आहे का?"

"मला काय माहीत! मला वाटलं पावतीला नाव पाहिजे!"

ओंकारने फुंकून बघितलं. सूर स्वच्छ. कोरीवकाम तोंडापासून लांब होतं म्हणून वाचलो. सरांना कसं सांगायचं, यावर आम्ही गाडीत भांडत गेलो. सरांनी चष्मा लावला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि नळी जागेवर बसवली.

"छान झालं," ते म्हणाले. "आता काढायची झाली तर कमिटीला माझी परवानगी लागेल. भांडं माझ्या नावाचं आहे!"

* * *

रेकॉर्डिंग संपलं, की ते आवाज कापायचे, साफ करायचे, एकेका पट्टीला जोडायचे. हे काम ओंकारचं, आणि त्याच्या घरी. पुढच्या खोलीत त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, यजमानांची पूजा सांगतात. मागच्या खोलीत हा हेडफोन लावून बसलेला.

एकदा हेडफोनची वायर निसटली. याला पत्ताच नाही. स्पीकरमधून सगळ्यात मोठ्या नळीचा सूर निघाला आणि थांबेचना. पुढच्या खोलीतल्या समया थरथरल्या. बाहेरगावचे यजमान सपत्नीक डोळे मिटून, हात जोडून बसले. सूर संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "गुरुजी, हा नाद कसला?"

काका एक क्षणही थांबले नाहीत. "दक्षिणेत समाविष्ट आहे," म्हणाले, आणि पुढचा मंत्र धरला.

जेवताना ओंकार मान खाली घालून बसला होता. आता बोलणी बसणार! काकांनी वरण वाढून घेतलं आणि म्हणाले, "उद्याही यजमान आहेत. संकल्पाच्या वेळी लाव. आज जरा आधी झाला."

* * *

शेवटी नांदगावच्या ऑर्गनच्या पट्ट्या कॉम्प्युटरला जोडल्या. त्याला नवीन बटण बसवलं, चालू आणि बंद दोन्ही होणारं, आणि या सगळ्याला मिळून नाव पडलं 'पेटी'. एका संध्याकाळी ती चर्चमध्ये नेली आणि कमिटीच्या चेअरमनना ऐकायला बोलावलं. माझा हिशोब असा, की त्यांना या आवाजाची किंमत कळेल आणि ते मूळ ऑर्गनला हात लावणार नाहीत.

सरांनी आधी नळ्यांवर वाजवलं, मग आमच्या पेटीवर. चेअरमन डोळे मिटून ऐकत होते. डोळे उघडले तेव्हा त्यात पाणी होतं.

"हुबेहूब!" ते म्हणाले. "कमाल केलीत पोरांनो. मग आता त्या नळ्या कशाला हव्यात?"

भूषण म्हणाला, "साहेब, तसं नाय..." पण कसं, ते आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. चेअरमननी तिथेच ठरवून टाकलं. येत्या रविवारच्या उपासनेत आमची पेटी वाजेल. उपासना झाली की मिस्त्री फरशीचं माप घेईल, आणि ऑर्गन निघेल.

ते गेल्यावर सर बाकावर बसले. "तुम्ही थोडं वाईट काम केलं असतं, तर बरं झालं असतं," म्हणाले. हसले नाहीत.

मी ओंकारला म्हणाले, "आवाज बिघडव. थोडासाच. रविवारपुरता."

"तू बिघडव," तो म्हणाला आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी त्या फायलींकडे बघत बसले. शनिवारचं देवळाली होतं त्यात, भूषणच्या दंडाचा घाम होता, काकूंची लांबलेली शिट्टी होती. मी लॅपटॉप बंद केला.

* * *

रविवारी वाजवायला सरांनी नकार दिला. चेअरमनना वाटलं, रुसले. सर म्हणाले, "मी वाजवलं तर मी सांभाळून घेईन. परीक्षा पेटीची आहे ना?" म्हणून चेअरमनच्या पुतणीने वाजवायचं ठरलं. ती संगीत शिकते, तालाला घड्याळासारखी पक्की. सर पहिल्यांदाच गीतांचं पुस्तक घेऊन मंडळीत, माझ्या शेजारी बसले. आम्ही तिघं सर्वांत मागच्या बाकावर. रविवारी चर्चमध्ये आम्ही कधी आलोच नव्हतो. आमचा वार शनिवार!

पेटी सुरू झाली. काय आवाज, काय आवाज! सगळी मंडळी उभी राहिली, पहिली ओळ गायली आणि ओळीच्या शेवटी थांबली. सगळीच्या सगळी. म्हातारी, तान्ह्या मुलाला घेतलेल्या आया, शाळकरी पोरं. सगळ्यांनी मिळून एक मोठा श्वास घेतला.

पेटी थांबली नाही.

मी सरांकडे बघितलं. ते समोर बघत म्हणाले, "ओळ संपली की भाता रिकामा होतो. भरेपर्यंत मी थांबतो. माझ्या आधीचेही थांबायचे."

आम्ही एकूण एक नळी रेकॉर्ड केली होती. एकेकटी. रिकाम्या चर्चमध्ये.

दुसऱ्या ओळीला पेटी अर्ध्या शब्दाने पुढे गेली. पुतणीने वळून बघितलं आणि ती थोडी सावकाश वाजवायला लागली. मंडळीही समजूतदार, तीही आणखी सावकाश झाली. आणि ओळीच्या शेवटी पुन्हा थांबून श्वास! तिसऱ्या कडव्यापर्यंत कोण कुणाला धरतंय ते कळेना. शेवटी पेटीचं गीत संपलं. पुतणीने हात मांडीवर घेतले. मंडळीची एक ओळ उरली होती. ती त्यांनी कोणाच्याही साथीशिवाय, मुळीच घाई न करता, पूर्ण गायली.

चेअरमननी पुतणीकडे बघितलं. पुतणीने सरांकडे.

सरांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि ते उठून ऑर्गनकडे गेले. भूषणला कोणी सांगितलं नव्हतं, पण तो आमच्या बाकावर नव्हताच. दांडा करकरला. नळ्या वाजायला लागल्या. पुढचं गीत, पहिली ओळ, ओळीचा शेवट. भात्यात हवा भरत गेली आणि अख्ख्या चर्चचे खांदे वर झाले. चेअरमनचेसुद्धा. माझेसुद्धा!

दारात मिस्त्री टेप घेऊन कधीचा उभा होता. चपला बाहेर, पेन्सिल कानावर. गीत संपलं तसा तो पाय न वाजवता आत आला, चेअरमनच्या बाकाशी वाकला आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"साहेब, तो ऑर्गनचा कोपरा सोडून माप लिहितो हां."