सोमवारचा ॲपवाला बुके

सोमवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला. वेळ एवढी नेमकी कशी लक्षात, विचाराल, तर नवऱ्याच्या मोबाइलवर ऑर्डर मिळाल्याचा मेसेज अजून आहे. ते पुसायला देत नाहीत. चहा ओतून घ्या आधी. तुम्ही मला हसणार आहात, मग निवांत बसून तरी हसा.

मोशीत आमचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे अर्धा गाळा, उरलेल्या अर्ध्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. मी सातवी शिकलेली, माहेर बीडकडचं. पण बुके बांधण्यात माझा हात धरणारी बाई मोशीपासून चाकणपर्यंत दाखवा. हे मी गर्वानं नाही, खरं आहे म्हणून सांगते. बरं, थोडं गर्वानंही.

आमची अन्वी साडेतीन वर्षांची. ती दुकानातच बादल्यांच्या मधे खेळते. तिला साधी शिंक आली तरी माझा जीव खालीवर होतो. दुकान आहे म्हणून ती डोळ्यांसमोर आहे. दुकान बंद पडलं तर मला एखाद्या कंपनीत पॅकिंगला जावं लागणार आणि तिला पाळणाघरात ठेवावं लागणार. पाळणाघरं वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण तिथं हिला रात्रीचा खोकला दिवसा आला, तर ओव्याची पुरचुंडी कोण शेकणार?

आणि बंद पडायची लक्षणं दिसायला लागली होती. कारण ते ॲपवाले. समोरच्या सोसायटीतल्या बायका आता वाढदिवस आला की मोबाइलवर बोट दाबतात. फुलं बॉक्समधून दारात. तो बॉक्स मागं बांधलेली गाडी रोज माझ्या दुकानावरूनच जाते, आणि मी आपली गुलाबांवर पाणी मारत बघत बसते.

अशात चाकणच्या एका कंपनीत काम मिळण्यासारखं होतं. तिथल्या सबनीस मॅडम ही सगळी व्यवस्था बघतात. दर सोमवारी रिसेप्शनवर फुलदाणी, पाहुणे आले की बुके, आणि खंडेनवमीला एकेका मशीनला झेंडूचा हार. वर्षभराचं काम. एवढं मिळालं तर ॲपवाल्यांनी समोरून वरात काढली तरी मला फरक पडला नसता. मॅडम म्हणाल्या, सोमवारी अकराला नमुना घेऊन या, मी ॲपवाल्यांचंही बघतेय.

आता मॅडम बघणार म्हणजे काय बघणार? फोटो. आणि फोटोतलं फूल कधी कोमेजतं का? मी रविवारभर विचार केला. मग डोक्यात आलं, त्यांचा खराखुरा बुकेच मॅडमच्या टेबलावर आणून ठेवू. माझा एक, त्यांचा एक. समोरासमोर होऊन जाऊ दे.

नवऱ्याची दुसरी शिफ्ट होती, ते झोपले होते. उशीखालून त्यांचा मोबाइल काढला. ॲप सगळं इंग्रजीत, पण फुलांना इंग्रजी लागत नाही. लाल-पांढऱ्या बुकेवर बोट ठेवलं, नाव मॅडमचं टाकलं, पत्ता कंपनीच्या गेटचा. ओटीपी आला तेव्हा हे झोपेतच म्हणाले, कुणाला सांगू नको. मी नाही सांगितला. स्वतःच टाकला.

सव्वाआठला माझ्या मोबाइलवर बाळूभाऊंचा मेसेज आला. बाळूभाऊ म्हणजे पिंपरीच्या फूल बाजारातले व्यापारी. आठवड्यातून चार-पाच बुके माझ्याकडून करून घेतात. मोशी-चाकण बाजूचं असलं की मला देतात. कागद त्यांचाच, खाकी. मी बांधून ठेवायचा, त्यांचा गाडीवाला येऊन नेतो. बुके कुणासाठी, असं एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, पार्टी हाय एक. मला वाटलं, असेल कुठला तरी हॉलवाला.

मेसेजमध्ये होतं: लाल-पांढरा, मध्यम, साडेनऊला गाडी येईल, चाकण साइड.

तुम्ही एकमेकांकडं बघायला लागलात. तुम्हाला कळलं. मला नाही कळलं हो. मी त्या वेळी माझा नमुना बांधत होते. तळेगावच्या पॉलिहाउसचे गुलाब पहाटे आणलेले, जरबेरा असा ताठ, जणू परेडला निघालाय. त्यात अन्वीचं नाक वाहत होतं. दर पाच मिनिटांनी तिच्या कपाळाला हात लावून बघायचा, की परत दोरा हातात.

बाळूभाऊंच्या पार्टीला मग जे मिळायचं ते मिळालं. रविवारच्या लग्नातले उरलेले गुलाब बादलीत होते. बाहेरच्या दोन पाकळ्या काढल्या की शिळा गुलाब ताजा दिसतो, हे आमच्या धंद्यातलं गुपित. आज तुम्हाला सांगितलं, वापरू नका. जरबेऱ्याच्या माना पडल्या होत्या, त्यांना तार घातली. वर पांढरी बारीक फुलं भरली, म्हणजे झाकलं जातं. मनात म्हणलं, जाऊ दे, पार्टी कुठं मला ओळखते.

नवऱ्यानं गाडीवरून कंपनीत सोडलं. अन्वीला घेऊन ते गेटपाशी थांबले. अकराला पाच कमी असताना मी मॅडमच्या टेबलावर माझा बुके ठेवला. त्या हसल्या, वास घेतला. तेवढ्यात सिक्युरिटीवाला तो बॉक्स घेऊन आला. मी छाती काढून सांगितलं, मॅडम, हा मीच मागवलाय, तुम्हाला शेजारी ठेवून बघता यावा म्हणून.

मॅडमना माझी हिंमत आवडली. म्हणाल्या, "उघडा तुम्हीच."

बॉक्स उघडला आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढा भिकार बुके मी वर्षात पाहिला नव्हता. दोन जरबेरे तारेसकट वाकलेले, गुलाब म्हणजे नुसते गाभे.

मग माझं तोंड सुटलं. म्हणलं, बघा मॅडम, हे गुलाब शिळे आहेत, बाहेरच्या पाकळ्या काढून फसवलंय. आम्हाला कळतं ना. ही पांढरी फुलं कशाला भरलीत, झाकायला. आणि कागद बघा, रेशनच्या साखरेला बांधतात तसा.

मॅडम म्हणाल्या, "हे तर फारच झालं. तक्रार करायला हवी. फोटो काढते मी, तुम्ही सांगा काय लिहायचं."

नवऱ्याचा मोबाइल मी बरोबरच आणला होता. मी सांगत गेले, त्या त्याच्यावर लिहीत गेल्या. शिळी फुलं. पडलेल्या माना. आणि शेवटी मी आवाज चढवून म्हणलं, "लिहा, ज्यानं हा बांधलाय त्याला कामाची लाज नाही. त्याला परत ऑर्डर देऊ नका."

मॅडमनी पाठवलं. मला वाटलं, जिंकले.

त्यांनी दोन्ही बुके उचलून फिरवून बघितले. मग चष्मा वर करून परत बघितले. "ताई, हा काळा ठिपका कसला आहे? दोन्हीच्या खाली आहे."

आता इथं मला माझी एक सवय सांगायला पाहिजे. अन्वीला मी रोज सकाळी तीट लावते. बोटाला काजळ उरतं, ते मी बुके बांधला की त्याच्या बुडाला पुसते. आपली वस्तू कुणाच्या घरात जाते, कुणाची नजर कशी, काय सांगावं. हात आपोआप जातो. देठाच्या अगदी खाली, कुणाला दिसू नये म्हणून.

दोन्ही बुकेंच्या बुडाला माझं बोट उमटलं होतं.

सकाळचा मेसेज, खाकी कागद, चाकण साइड, सगळं एकदम डोक्यात येऊन बसलं. बाळूभाऊंची ती पार्टी म्हणजे हीच ॲपवाली मंडळी. ऑर्डर मीच दिली होती, आणि फिरून फिरून ती माझ्याच बादलीपाशी आली होती.

खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. म्हणलं, "माझी नक्कल करतात मेले."

मॅडम म्हणाल्या, "काजळाचीसुद्धा?"

बाहेर काचेतून अन्वी दिसत होती. बापाच्या खांद्यावर बसून मला हात करत होती. गालावर तीट. आणि मला पाळणाघराचं दार दिसायला लागलं. आता काम तर जाणारच, मग निदान खरं बोलून जाऊ दे, म्हणलं. सांगितलं सगळं. लग्नातले गुलाब, तार, बाळूभाऊ, उशीखालचा मोबाइल.

मॅडमचे खांदे हलायला लागले. मग चष्मा काढून डोळे पुसत त्या एवढ्या हसल्या, की शेजारच्या टेबलावरचे साहेब उठून आले आणि मला सगळं पहिल्यापासून परत सांगावं लागलं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "बुके वाईट आला तर ॲपवाल्यांकडं कुणी बांधला ते मला कधीच कळणार नाही. तुमच्याकडं आला तर कुणाला रागवायचं ते तरी माहितीये. एक महिना करून दाखवा. पार्टीवाला हात नाही, हा हात." आणि माझ्या नमुन्यावर बोट ठेवलं.

मी गेटपर्यंत चालत आले की उडत, आठवत नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं. ते गाडी चालवत हसत होते, अन्वी कशाला हसतोय ते न कळता हसत होती.

मोशीच्या अलीकडं बाळूभाऊंचा फोन आला. गाडी बाजूला घेतली.

"ताई, सकाळचा लाल-पांढरा तुमचाच ना? एका बाईनं लई वंगाळ तक्रार केलीय. वरून निरोप आलाय, पंधरा दिवस तुम्हाला ऑर्डर द्यायची न्हाई."

मी साळसूदपणे विचारलं, "कोण हो बाई?"

"असल कुणीतरी खडूस. तिला फुलातलं काय कळतंय?"

खरं सांगते, बुके वाईट म्हणलेलं मी गिळलं होतं. पण फुलातलं कळत नाही? मला? माझा तोल गेला. भर रस्त्यात त्यांच्याशी भांडले. म्हणलं, "भाऊ, त्या बाईला फुलातलं चांगलं कळतं. एक शब्द खोटा लिहिला नाही तिनं. मला तर पंधरा दिवस कमीच वाटतात."

बाळूभाऊ म्हणाले, एवढी प्रामाणिक बाई त्यांनी बाजारात पाहिली नव्हती. पंधराचे आठ दिवस करून घेतले त्यांनी.

तर एवढं करा. ओळखीपाळखीत, सोसायटीत, तुमच्या शिफ्टवाल्यांत सांगा, की फुलं लागली तर मोशीत दुकानावरच या. मोबाइलवरून मागवलीत तरी बांधणारी बहुतेक मीच असेन. पण ती बाई कसा बुके बांधते, ते मी चाकणला स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलेय.