गादीवरचं प्लास्टिक

"साहेब लई शांत राहतात हो," घरमालकीणबाई म्हणाल्या. "हायेत का नाय, कळत बी नाय."

हे खरं असणार. खोलीतल्या गादीवरचं दुकानातलं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. टूथब्रश पाकिटात होता. भिंतीवरचं कॅलेंडर मागल्या वर्षीच्या मार्चमध्ये थांबलं होतं. बाईंनी चहा पुढं केला, मी नको म्हणालो. जिथं ऑडिट, तिथं चहा घ्यायचा नाही, असा माझा नियम होता. त्याचा मला फार अभिमान होता.

मी सरकारी ऑडिटर. गाव अजिंठ्याच्या रस्त्यावरचं. नाव सांगत नाही. तिथल्या नगरपंचायतीचे मुख्याधिकारी, म्हणजे सगळा कारभार चालवणारे साहेब, घरभाडे भत्ता घेत होते. तो मिळतो एका अटीवर: नोकरीच्या गावातच राहायचं. साहेब मात्र रोज छत्रपती संभाजीनगरहून अप-डाऊन करत. एका नगरसेवकानं तक्रार केली होती. "नळाला पाणी आलं नाही, तर शिव्या द्यायला तरी माणूस गावात पाहिजे," असं त्याचं म्हणणं होतं.

संध्याकाळी साहेबांच्या गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "सोनवणे साहेब, खोली पाहिली म्हणे?"

"पाहिली. कॅलेंडर मार्चवर आहे."

"कामच इतकं असतं, पान उलटायला सवड नाही."

"गादीवर प्लास्टिक आहे."

साहेब हसले. "आणि तुमच्या लॉजच्या गादीवर काय आहे?"

ड्रायव्हर सलीमभाईंनी आरसा उगाच नीट केला.

आता खरं सांगतो. बाहेरगावी मुक्काम केला की ऑडिटरला दैनिक भत्ता मिळतो. मी लॉजमध्ये मुक्काम दाखवत होतो आणि रोज साहेबांच्याच गाडीतून घरी येत होतो. लॉजवाला पावती मला द्यायचा आणि खोली दुसऱ्याला. आमच्यात ही रीतच होती, तिला कुणी चोरी म्हणत नसे. म्हणजे साहेब कागदावर ज्या गावात राहत होते, त्याच गावात कागदावर मीही राहत होतो. एका अर्थी आम्ही शेजारी होतो.

संभाजीनगरात माझ्या घराजवळ, मुकुंदवाडीला मला उतरवताना सलीमभाई म्हणाले, "कल भी इसी टाइम ना, साहब?"

मी हो म्हणालो. साहेबांवरचा आक्षेप तिथंच संपला.

पण घरभाडे भत्ता तपासला आणि काहीच सापडलं नाही, असं लिहिलं तर वरचे विचारतात. म्हणून मी त्याच कचेरीतल्या शिपाई सुमनबाईंना धरलं. भत्ता त्याही घेत होत्या. त्यांचं घर हद्दीच्या जरा पलीकडे, ओढ्यापलीकडच्या वस्तीत होतं. मी हाफ मार्जिन दिलं. म्हणजे कागदाच्या अर्ध्या भागात आमचा प्रश्न आणि उरलेल्या अर्ध्यात त्यांचं उत्तर.

"मी गावात राहत नाय, व्हय," सुमनबाई म्हणाल्या. "पण साहेब, हापिसचं कुलूप रोज कोण उघडतं? पोरीचं नर्सिंग चालू हाय. पगार कापला तर ती घरी बसंल."

"उत्तर लिहून द्या," मी म्हणालो.

भत्त्याच्या वसुलीसाठी सुमनबाईंचा पगार कापला जाऊ लागला. साहेबांना बढती मिळाली.

माझ्या निवृत्तीला महिना उरला असताना ती फाइल पुन्हा माझ्या टेबलावर आली. सुमनबाईंनी कपातीतून सूट मागितली होती. त्यांना सोडायचं तर कारण लिहावं लागणार होतं, आणि साहेबांना सोडून त्यांना का धरलं, याचं खरं कारण त्या गाडीत बसलेलं होतं. शेवटी लिहिलं. खोली लिहिली, प्लास्टिक लिहिलं, गाडी लिहिली आणि गाडीतला मीही लिहिला.

वरिष्ठ मॅडमनी बोलावलं.

"सोनवणे, हा आक्षेप कुणावर?"

"माझ्यावर."

"घेतला कुणी?"

"मीच."

"मग उत्तरही तुम्हीच द्या आणि मिटवा. निरोपाचा हार सांगून झालाय."

"मॅडम, उत्तर समाधानकारक नाही."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग सही केली.

निरोप समारंभात एकानं भाषण केलं, "सोनवणे साहेबांनी उभ्या नोकरीत कुणाचा चहा घेतला नाही." टाळ्या पडल्या. चहा घेतला नाही, हे खरंच. गाडी घेतली, हे त्याला ठाऊक नव्हतं.

सुमनबाईंची कपात थांबली, कापलेलं परत मिळालं. माझ्या निवृत्तीच्या पैशातून माझा भत्ता वळता झाला. साहेबांची चौकशी अजून चालू आहे. तीही बहुतेक अप-डाऊन करत असावी.

मी ओढ्यापलीकडे सुमनबाईंना भेटायला गेलो. मुलगी एक वर्ष घरी बसली होती, आता पुन्हा जाऊ लागली होती. ते वर्ष कोणत्याही आदेशानं परत येत नाही. मी माफी मागितली.

"तुमचं बी कापलं म्हणं?" सुमनबाईंनी विचारलं.

"कापलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवला. मी घेतला.

नव्या ऑडिटरांना एवढंच सांगतो. साहेब गावात राहतात का, हे बघायला खोली उघडायची गरज नाही. संध्याकाळी गाडी कुठं जाते, ते पाहा. रस्त्यावर उभं राहून पाहा.