रान दुसऱ्याचं, वाघर आपली

आप्पांना कुठलीही नवी वस्तू दाखवली, की ते आधी तिची लाइट घालवत. आम्ही घरी नवा टीव्ही घेतला तेव्हा ते चहाला आले होते. माझा नवरा मोठ्या हौसेने चॅनेल दाखवायला लागला, तर आप्पांनी वाकून भिंतीवरचं बटण बंद केलं, जरा थांबून पुन्हा चालू केलं आणि टीव्ही कसा उठतो ते बघत बसले. "चालू हाय तवर समदंच शहाण्यावानी वागतं, ताई," ते मला म्हणाले. "लाइट गेली म्हंजी खरा सोभाव कळतो." नवरा रेल्वेतला, सिग्नल बघून चालणारा माणूस. आप्पा गेल्यावर म्हणाला, "हे असले पाहुणे परत बोलवू नकोस." मी बोलवत राहिले.

आप्पा आमच्या कंपनीची सगळी कॉम्प्युटर सिस्टीम बघायचे. कंपनी पशुखाद्याची. कारखाना रांजणगावला आणि ऑर्डरी घ्यायला दौंडला एक लहानसं ऑफिस, त्यात आम्ही चौघं. आप्पा चांगले शिकलेले होते, पुण्यात सुटाबुटातल्या नोकऱ्या करून आले होते. भाषा मात्र त्यांनी गावचीच ठेवली होती. मालकांसमोरसुद्धा "साहेब, हे न्हाई चालायचं" असं तोंडावर सांगत, आणि मालक ऐकून घेत. हे भाग्य कंपनीत दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेलं मी पाहिलं नाही.

गावात ब्रॉडबँड नुकतं आलं होतं तेव्हाची गोष्ट. तोवर आम्ही फोनवरून रांजणगावच्या कॉम्प्युटरला जोडून घ्यायचो, आणि आत शिरायला सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड होता. आमच्यातला एकजण नोकरी सोडून दुसऱ्या पशुखाद्यवाल्याकडे गेला. जाताना पासवर्ड त्याच्या डोक्यात होता, तो डोक्यातच राहिला. सकाळी आमचा भाव ठरला, की दुपारी त्यांचा भाव नेमका खाली. हा आपला रोज सकाळी आत येऊन भाव वाचून जात होता! हे उघडकीला आलं तेव्हा मालकांचा पारा चढला. "दौंडचं ऑफिस बंद करा. सगळ्यांनी रांजणगावला यायचं," त्यांनी सांगून टाकलं.

माझी मुलगी तेव्हा शाळेतही जात नव्हती. नवऱ्याची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. एसट्या बदलत रोज रांजणगाव गाठणं म्हणजे माझ्यापुरती नोकरी सुटल्यातच जमा होती. मी आप्पांना फोन केला आणि बोलता बोलता रडले. ते शांतपणे म्हणाले, "त्या गड्यानं वाईट केलं, व्हय. पर तो गेला तवा आपण दार लावलं न्हाई, त्याचं काय?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी मालकांकडून महिन्याची मुदत मागून घेतली. दोन्ही ऑफिसं सुरक्षित जोडणारी पेटी त्यांनी निवडायची, आणि ती मालकांना पटली नाही तर आमच्या ऑफिसला टाळं.

व्हीपीएन हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पुण्याचे इंजिनियर 'टनेल, टनेल' करायचे. मी घरी तसंच सांगितलं, तर नवरा म्हणाला, "दौंडला कुठून आला बोगदा? इथं तर सगळी सपाटी." शेवटी आप्पांनीच समजावलं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. मुक्काम पडेल तिथे मेंढरांभोवती जाळीचं कुंपण घालायचे, त्याला वाघर म्हणतात. "रान दुसऱ्याचं असतंय," आप्पा म्हणाले. "तिथनं कुणीबी जातंय, येतंय. पर भवती वाघर लावली, की तेवढी जागा आपली. इंटरनेट हे रान हाय, ताई. आपल्याला फकस्त चांगली वाघर घ्यायचीय." त्या दिवसापासून आमच्याकडे व्हीपीएनला कुणी व्हीपीएन म्हटलं नाही.

पहिली पेटी घेऊन आला तो विक्रेता टाय लावून. पेटीला गणपतीच्या मखराला असतात तेवढे दिवे. आप्पांनी त्याला ती सुरक्षित जोडणी मुद्दाम तोडायला लावली. आमच्या स्क्रीनवर काही फरक पडला नाही, काम चालूच. तो खूश होऊन म्हणाला, "बघा सर, जोडणी तुटली तरी आमची पेटी साध्या इंटरनेटवरून काम चालू ठेवते. तुम्हाला कळणारसुद्धा नाही!" आप्पांचा चेहरा पडला. "म्हंजी वाघर पडली तर मेंढरं उघड्यावर, आन् धनगराला पत्ता न्हाई?" त्याला यातलं काहीच कळलं नाही. आप्पांनी त्याला चहा पाजला, भेळ खायला घातली आणि पेटीसकट परत पाठवलं.

दुसरी पेटी काळी, ओबडधोबड, दोनच दिवे. तिची जोडणी तोडली तशी स्क्रीन जागच्या जागी थांबली. आप्पांनी लाइट घालवली, पुन्हा आणली. पेटी कुणी हात न लावता उठली, आधी रांजणगावची ओळख पटवली, मगच काम सुरू केलं. आम्ही हुश्श केलं. पण आप्पांचं अजून व्हायचं होतं. "आत कसं घ्यायचं ते समदेच दाखवत्यात," ते पेटी आणणाऱ्या माणसाला म्हणाले. "भाईर कसं काढायचं ते दाखवा. ह्या ताईंना काढा."

पेटीत आता प्रत्येकाचं वेगळं नाव होतं, वेगळी किल्ली होती. त्या माणसाने माझं नाव पुसलं आणि माझी स्क्रीन बंद पडली. शेजारचे दोघं काम करत होते आणि मी आपली हात मांडीवर ठेवून बसले होते. खोटंखोटंच होतं, पण मला फार एकटं वाटलं. आप्पा मात्र लहान मुलासारखे हसले. "हीच घ्यायची. एकीला काढलं आन् बाकीच्यांना धक्का न्हाई. घ्या ताईंना परत आत."

मालकांना आप्पांनी स्वतः दौंडला आणून ती पेटी दाखवली, तीही लाइट घालवूनच. ऑफिस राहिलं, माझी नोकरी राहिली. रोज सकाळी रांजणगावहून आप्पांचा फोन यायचा, "लागली का वाघर?" आणि आम्ही म्हणायचो, "लागली, आप्पा." पुढे त्यांनी मला सगळं शिकवलं आणि दौंडची नावं घालायचं, काढायचं काम माझ्याकडे दिलं. माझ्यावर इतका विश्वास माझ्या माहेरच्यांनीही कधी टाकला नव्हता. शिकवताना त्यांची एकच सक्त ताकीद असे : माणूस आवडता असो की नावडता, गेला त्याच दिवशी नाव काढायचं.

आप्पा रिटायर झाले त्या दिवशी रांजणगावचा सत्कार आटोपून हातातला नारळ तसाच घेऊन दौंडला आले. आम्ही पेढे आणले होते. ते माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "माझं नाव काढा, ताई."

"उद्या काढते, आप्पा. आज पेढा खा."

"आज. माझ्या डोळ्यांदेखत."

मी काढलं. मग कीबोर्ड पुढे ओढून त्यांनी आपलं नाव घातलं, किल्ली घातली. प्रवेश नाही. नाव नीट तपासून पुन्हा घातलं. प्रवेश नाही. आप्पा मागे टेकून पेटीकडे बघत राहिले. ती त्यांनीच निवडली होती, त्यांनीच उभी केली होती.

"बघा," ते कौतुकाने म्हणाले, "वळखसुदिक दावली न्हाई."

मला रडू आवरेना. आप्पांनी पेढ्यांचा पुडा स्वतःच पुढे ओढून घेतला. "रडताय काय? एवढं चांगलं काम केलंत," ते म्हणाले आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.